दारावरची पाटी कोणाची? मोझिलाच्या बोधचिन्हाची फेररचना

बोधचिन्ह हा एखाद्या संस्थेने लिहिलेला सर्वांत छोटा मजकूर असतो. तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, वाचणाऱ्याने त्यातून काय घेतले आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न आपण कवितेला किंवा पोथीला विचारतो तसे त्यालाही विचारता येतात. साबणाच्या किंवा बँकेच्या चिन्हाबाबत शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते: अधिकार मालकाचा. पण जी वस्तू हजारो लोकांनी, त्यातल्या पुष्कळांनी पैसे न घेता, मिळून घडवली आहे, तिच्या दारावरची पाटी बदलायची झाली तर ती कोणी बदलायची?

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या जगात हा प्रश्न वारंवार उभा राहतो. अशा सॉफ्टवेअरचा कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांचा मूळ मजकूर, सर्वांना वाचायला खुला असतो. परवान्याच्या अटी पाळून तो कोणीही उतरवून घ्यावा, दुरुस्त करावा, इतरांना द्यावा. मतभेद विकोपाला गेले तर प्रत घेऊन वेगळी चूल मांडण्याचीही मुभा असते; त्याला तिथे ‘फोर्क’ म्हणतात. चिन्हाला मात्र ही मुभा देता येत नाही. चिन्हाची सगळी किंमत ते एकच असण्यात आहे. प्रत्येकाने आपापली आवृत्ती काढली तर कोडचा विकास होतो. चिन्हाची ओळखच पुसली जाते. म्हणून सामायिक मालकीच्या कल्पनेला कुठे मर्यादा पडते हे पाहायचे असेल तर कोडपेक्षा चिन्हाकडे पाहणे उपयोगाचे ठरते. या दृष्टीने मोझिला या प्रकल्पाने २०१६-१७मध्ये केलेली आपल्या चिन्हाची फेररचना अभ्यासण्यासारखी आहे, कारण ती जाहीरपणे, सर्वांच्या डोळ्यांदेखत झाली.

डायनोसॉरपासून कोलनपर्यंत

नेटस्केप या अमेरिकी कंपनीने जानेवारी १९९८मध्ये आपल्या ब्राउझरचा कोड खुला करण्याची घोषणा केली आणि ३१ मार्च १९९८ रोजी तो प्रत्यक्ष खुला केला. या प्रकल्पाला नाव मिळाले ते कंपनीत आधीपासून वापरात असलेले ‘मोझिला’. मोझेइक हा त्या काळचा आघाडीचा ब्राउझर. त्याला संपवणारा, आणि जपानी चित्रपटांतल्या गॉडझिलासारखा अवाढव्य, असा दुहेरी अर्थ त्या नावात होता. नावातच अक्राळविक्राळ प्राणी असल्यामुळे चिन्हातही तो आला. खुल्या प्रकल्पासाठी लाल डायनोसॉरचे चित्र काढले शेपर्ड फेअरी यांनी. पुढे २००८मध्ये बराक ओबामांच्या ‘होप’ या भित्तिचित्रामुळे जगभर माहीत झालेले फेअरी ते हेच. त्या डायनोसॉरच्या रेषांत रस्त्यावरच्या भित्तिपत्रकांचा आक्रमकपणा होता. बलाढ्य कंपनीशी झुंजणाऱ्या गटाला तो शोभत होता.

जुलै २००३मध्ये मोझिला फाउंडेशन स्थापन झाले. दरम्यान या प्रकल्पातून नवा, सुटसुटीत ब्राउझर घडत होता. त्याचे पहिले नाव ‘फिनिक्स’. ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे ते ‘फायरबर्ड’ झाले. पण त्याच नावाचा डेटाबेसचा एक मुक्तस्रोत प्रकल्प आधीच होता आणि त्या मंडळींनी हरकत घेतली. अखेर फेब्रुवारी २००४मध्ये ‘फायरफॉक्स’ हे नाव कायम झाले. हे खरे तर लाल पांडाचे एक नाव. चित्रात मात्र निळ्या गोलाला वेढून बसलेला ज्वाळांच्या शेपटीचा कोल्हा आला. वाचकांनी शब्दकोशापेक्षा चित्रावर विश्वास ठेवला आणि पांडा मागे पडला.

पुढच्या दहा-बारा वर्षांत कोल्हा इतका मोठा झाला की त्याच्यामागची संस्था दिसेनाशी झाली. फायरफॉक्स वापरणाऱ्यांना मोझिला ही ना-नफा तत्त्वावर चालणारी, खुल्या इंटरनेटसाठी झगडणारी संस्था आहे हे ठाऊक नव्हते. म्हणून जून २०१६मध्ये मोझिलाने नवे चिन्ह घडवण्याचे काम हाती घेतले आणि लंडनच्या ‘जॉन्सन बँक्स’ या संकल्पनसंस्थेला सोबत घेतले. सगळी प्रक्रिया उघडी ठेवायची असे ठरले. ऑगस्टमध्ये सात दिशा मांडल्या गेल्या. त्यांत एक डोळा होता, भूमितीत अशक्य असलेला ‘एम’ होता, तारांच्या सांगाड्याचे जग होते. लोकांनी मते दिली. सातांतून चार मसुदे पुढे गेले. त्यांत डायनोसॉरवर बेतलेलाही एक होता. जानेवारी २०१७मध्ये निवड जाहीर झाली. डायनोसॉर मागे राहिला होता. निवडलेले चिन्ह म्हणजे रोमन लिपीतले ‘मोझिला’ हेच नाव. मात्र त्यातला ‘आय’ आणि दोन ‘एल’ काढून त्यांच्या जागी ‘://’ ही तीन चिन्हे बसवलेली. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या सुरुवातीला येणारा कोलन आणि दोन तिरक्या रेघा त्या याच.

चिन्हाचे वाचन

कल्पना हुशारीची आहे, यात शंका नाही. सात अक्षरांच्या शब्दातली तीन अक्षरे काढली, तीन खुणा घातल्या, तरी शब्द वाचता येतो. बारीक उभे ‘आय’ आणि ‘एल’ हे कोलन आणि तिरक्या रेघांच्या इतके जवळचे दिसतात की डोळा अडखळत नाही. शिवाय खूण निरर्थक नाही. दोन यंत्रांनी कोणत्या नियमांनी बोलायचे, हे त्या कोलनच्या आधीचा शब्द सांगतो. इंटरनेट ही कोणा एकाची मालमत्ता नसून सर्वांनी मान्य केलेल्या नियमांची व्यवस्था आहे, हे मोझिलाचे म्हणणे त्या तीन खुणांत सामावले आहे. चिन्हासाठी हेगच्या ‘टायपोथेक’ या अक्षरसंस्थेकडून ‘झिला’ नावाचा अक्षरसंच घेतला गेला आणि तोही मुक्त परवान्याखाली सर्वांना देण्यात आला. बोलणे आणि वागणे यांचा मेळ इथे बसतो.

तरीही हे चिन्ह फसले असे माझे मत आहे. त्याची दोन कारणे चिन्हाच्या आतच आहेत.

पहिले कारण असे की ज्या खुणेवर चिन्ह उभे आहे ती खूण सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोरून तोवर नाहीशी होऊ लागली होती. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत सुरुवातीचे ‘एचटीटीपी’ आणि त्यामागची चिन्हे दाखवायची नाहीत, असा कल आला होता आणि खुद्द फायरफॉक्सनेही २०११मध्ये सातव्या आवृत्तीपासून ती लपवायला सुरुवात केली होती. एका हाताने पुसलेली खूण दुसऱ्या हाताने दारावर कोरण्याचा हा प्रकार. पत्ते हाताने टाइप करणाऱ्या पिढीला ती आठवण सुखावणारी होती. मोबाइलवर बोट टेकवून इंटरनेटवर आलेल्या माणसाला मात्र ती खूण समजावून सांगावी लागणार. ज्यांना मोझिला माहीत नाही त्यांच्यासाठी चिन्ह बदलायचे होते. बदललेले चिन्ह कळले ते ज्यांना मोझिला आधीच माहीत होती त्यांना.

दुसरे कारण लिपीचे. फायरफॉक्स जगातल्या कितीतरी भाषांत उपलब्ध आहे. त्यांत मराठीही आहे, आणि या भाषांतरांचा मोठा भार स्वयंसेवकांनी वाहिलेला आहे. ‘टॅब’ला काय म्हणावे, ‘बुकमार्क’ तसाच ठेवावा की ‘वाचनखूण’ म्हणावे, अशा शेकडो शब्दांवर डोके खपवल्याशिवाय मराठी ब्राउझर उभा राहत नाही. नवे चिन्ह मात्र या कष्टांच्या कक्षेबाहेर आहे. देवनागरीतल्या ‘मोझिला’त कोलनला जागा देणारे अक्षरच नाही, ‘झि’ची वेलांटी आणि ‘ला’चा काना काढून तिरक्या रेघा ओढल्या तर शब्द मोडतो. अरबीत किंवा चिनीतही ही कोटी जमत नाही. चिन्हासोबत दिलेल्या अक्षरसंचात देवनागरी नाही. कोणी म्हणेल, चिन्हाचे भाषांतर कशाला हवे? चित्राचे नको, हे मान्य. डायनोसॉरला लिपी नसते; पुण्यातल्या मुलालाही तो डायनोसॉरच दिसतो. पण चित्र टाकून एका लिपीतली शब्दकोटी उचलली, की चिन्ह एका लिपीचे होते. जगाच्या खुल्या दारांबद्दल बोलणाऱ्या संस्थेच्या पाटीवर हे उणेपण उठून दिसते.

पाहणे, बोलणे आणि दुरुस्त करणे

हे दोष आधी दिसले नसते का? प्रक्रिया तर उघडी होती. पण उघडेपणाचेही प्रकार असतात. मोझिलाने लोकांना मसुदे पाहू दिले आणि त्यांवर बोलू दिले. चित्रे काढून पाठवा असे तिने म्हटले नाही, आणि ते योग्यच होते. स्पर्धेच्या नावाखाली शेकडो चित्रकारांकडून फुकट काम करून घेण्याची पद्धत चांगली नव्हे. मात्र याचा परिणाम असा की लोकांच्या हाती मत होते, पेन्सिल नव्हती. कोडच्या बाबतीत हरकत घेणारा माणूस सोबत दुरुस्तीही पाठवू शकतो. चिन्हाच्या बाबतीत हरकत ही हरकतच राहते. ती किती मनावर घ्यायची हे ज्याच्या हाती पेन्सिल आहे तो ठरवतो.

इथे विकिपीडियाच्या चिन्हाची हकिकत आठवावी. विकिपीडिया हा ज्ञानकोश. तो ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत. जुळवायच्या तुकड्यांचा त्याचा अपुरा गोल २००३मध्ये आला. त्या तुकड्यांवर निरनिराळ्या लिपींतली अक्षरे होती आणि एका तुकड्यावर देवनागरी ‘वि’ असणे अपेक्षित होते. पण तिची वेलांटी चुकीच्या जागी बसली होती. ऱ्हस्व वेलांटीचे हे दुखणे संगणकावर मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. उच्चारात ती व्यंजनानंतर येते, साठवणीतही नंतर येते, पण लिहिताना व्यंजनाच्या आधी उभी राहते. हा क्रम न समजणारे यंत्र तिला उजवीकडे टाकते. जपानी तुकड्यावरही चूक होती. लिपी जाणणाऱ्या वाचकांनी ती दाखवली, २००७मध्ये न्यू यॉर्क टाइम्सनेही तिची बातमी केली, आणि २०१०मध्ये गोल नव्याने घडवला गेला तेव्हा ती सुधारली गेली.

या दुरुस्तीला सात वर्षे लागली. ज्या संकेतस्थळावर चुकलेला सनावळीचा आकडा कोणीही वाचक क्षणात सुधारू शकतो, त्याच्या माथ्यावरची वेलांटी सात वर्षे सुधारता आली नाही. कारण लेख सर्वांचे होते आणि चिन्ह एका फाइलमध्ये बंद होते. तरीही ती सुधारली गेली हे महत्त्वाचे. मुळाक्षरे शिकलेल्या कोणालाही दाखवता येईल अशी ती चूक होती. ‘मला आवडले नाही’ या मतावर वाद घालता येतो. ‘वेलांटी चुकली’ या वाक्यावर नाही. २०१६च्या फेरीत मागवली गेलेली मते बहुतांशी आवडीनिवडीची होती. ‘हे आमच्या लिपीत कसे दिसेल?’ हा प्रश्न भाषांतर करणाऱ्यांना आधी विचारला असता, तर त्यांना मताऐवजी पुरावा देता आला असता.

नाव, चित्र आणि परवाना

चिन्ह बंद का ठेवावे लागते, याचेही एक बळकट कारण आहे. खुल्या कोडमध्ये कोणी हेरगिरीचा भाग मिसळला आणि तो फायरफॉक्सच्या नावाने वाटला, तर फसतो तो वापरणारा. म्हणून मोझिलाने नाव आणि चित्र ट्रेडमार्कच्या कुंपणात ठेवले.

या कुंपणावरून २००६मध्ये डेबियनशी खटका उडाला. डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्सची जुनी वितरणप्रणाली. तिच्या नियमांनुसार तिच्यात जे येईल ते मुक्त परवान्याचे हवे, आणि फायरफॉक्सच्या चित्राचा परवाना तेव्हा तसा नव्हता. डेबियनने चित्र वगळून नाव ठेवले होते. मोझिलाचे म्हणणे असे पडले की नाव हवे तर अधिकृत चित्रही घ्या आणि कोडमधले तुमचे बदल आमच्याकडून मंजूर करून घ्या. डेबियनने नाव सोडले. तोच ब्राउझर तिथे ‘आइसवीझल’ या नावाने वाटला जाऊ लागला. आगीच्या जागी बर्फ आणि कोल्ह्याच्या जागी मुंगसासारखा दिसणारा वीझल, अशी ही खट्याळ उलटापालट होती. २०१६मध्ये समेट झाला आणि फायरफॉक्स हे नाव डेबियनमध्ये परतले. कोड एकच, पाट्या दोन, आणि त्यांच्यामध्ये दहा वर्षे. दोन्ही बाजू आपापल्या परीने प्रामाणिक होत्या. एकीला वाचकाची फसवणूक टाळायची होती, दुसरीला स्वातंत्र्यात अपवाद नको होता.

मराठी वाचकाला हा पेच परका वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींत पाठभेद वाढले तेव्हा एकनाथांनी प्रती ताडून पाहून शके १५०६मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी आपल्या ओव्या त्यात मिसळू नयेत अशी ताकीदही दिली. उतरवून घ्यायला बंदी नव्हती; पारायणाला, निरूपणाला, भाष्याला बंदी नव्हती. ताकीद होती ती भर घालून तीवर ज्ञानदेवांचे नाव ठेवण्याला. अभंगांच्या नाममुद्रेचेही तेच. अभंग गाणाऱ्यांच्या तोंडी बदलत गेले. संताची मुद्रा मात्र शेवटच्या चरणात टिकून राहिली. आणि ती टिकली म्हणूनच भलत्यांच्या रचनाही तिच्या आडोशाने गाथेत शिरू शकल्या, ज्या निवडून काढण्यात संशोधकांच्या पिढ्या गेल्या. मजकूर खुला असतो तिथे मुद्रा राखावी लागते, हे आपल्या परंपरेला ठाऊक होते. पण मुद्रा राखणे वेगळे आणि ती हवी तेव्हा बदलणे वेगळे. पहिल्याचा अधिकार विश्वस्ताला असतो. दुसऱ्यासाठी त्याने गाणाऱ्यांना विचारायला हवे.

घरातले नाव आणि बाहेरचे नाव

काही प्रकल्पांनी यावर साधा तोडगा काढला आहे: दोन चिन्हे ठेवायची. डेबियनचे लाल भोवऱ्याचे चिन्ह १९९९मध्ये आले. ते सर्वांना वापरायला खुले आहे. अधिकृत कामासाठी मात्र बाटलीतून निघणाऱ्या भोवऱ्याचे वेगळे, राखीव चिन्ह आहे. फ्रीबीएसडी या प्रकल्पाचा शुभंकर म्हणजे हातात त्रिशूल घेतलेला छोटा लाल ‘डीमन’. बाहेरच्यांना तो सैतान वाटे. २००५मध्ये स्पर्धा घेऊन त्यांनी दोन शिंगे असलेला लाल गोल हे नवे चिन्ह घेतले. डीमनला घरातून घालवले नाही. त्याला पाळण्यातले नाव म्हणून ठेवले आणि गोलाला कागदोपत्रीचे. आपल्याकडे घरोघरी अशी दोन नावे असतात, आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव लागले म्हणून घरातली हाक कोणी बंद करत नाही.

मोझिलाने २०१७मध्ये एकाच चिन्हाकडून दोन्ही कामे करून घेण्याचा प्रयत्न केला. बाहेरच्यांना ओळख पटावी आणि आतल्यांना आपलेपण वाटावे, हे काम तीन विरामखुणांवर सोपवले. त्या दोन्ही ठिकाणी अपुऱ्या पडल्या. फायरफॉक्सच्या बाबतीतही असेच काहीसे घडले. २०१९मध्ये त्या नावाच्या सगळ्या सेवांसाठी एक सामायिक चिन्ह आले, ज्यात कोल्हा नव्हता. ब्राउझरच्या स्वतःच्या चिन्हात तो होताच, तरी कोल्ह्याला काढून टाकल्याची आवई उठली आणि २०२१मध्ये मोझिलाला जाहीरपणे सांगावे लागले की कोल्हा जागेवर आहे. ज्या लोकांना चिन्हाची कायदेशीर मालकी कधीच नव्हती, ते आपले काही हिरावले गेल्यासारखे बोलत होते. त्यांचे तपशील चुकले होते, भावना चुकली नव्हती. वर्षानुवर्षे पडद्यावर रोज भेटणारे चित्र वापरणाऱ्याचेही थोडे होतेच.

डिसेंबर २०२४मध्ये मोझिलाने पुन्हा नवे चिन्ह आणले. या वेळी ‘जोन्स नोल्स रिची’ या संस्थेसोबत. कोलन आणि तिरक्या रेघा गेल्या. नाव पुन्हा सलग झाले, आणि ‘एम’मधून वर येणारा एक ध्वज दिसू लागला. नीट पाहिले तर तो ध्वज म्हणजे डायनोसॉरचे डोके आहे. १९९८चा प्राणी, २०१७मध्ये मागे ठेवलेला, फिरून दारात उभा राहिला. हे चिन्ह चौकोनी ठिपक्यांतून उभे आहे, लहान जागेत मावते, आणि कोणतीही लिपी न वाचता कळते. माझ्या मते ते आधीच्यापेक्षा सरस आहे. पण त्याचे श्रेय केवळ नव्या संकल्पकांच्या हुशारीला देता येणार नाही. मधल्या वर्षांत डायनोसॉरची आठवण कोणीतरी जिवंत ठेवली होती, म्हणून तो परत आणता आला.

खुल्या प्रकल्पाच्या चिन्हाची फेररचना जोखायची तर ‘किती जणांना मसुदे दाखवले’ या आकड्यावर थांबू नये. चूक दाखवणाऱ्याच्या हातून ती सुधारली जाण्याची वाट ठेवली आहे का, दुसऱ्या लिपीत काम करणाऱ्याला त्या पाटीवर उभे राहायला जागा आहे का, आणि जुने चिन्ह घरात राहू शकते का, हे तीन प्रश्न विचारावेत. २०१७चे चिन्ह या तिन्हींत कमी पडले. ते जवळजवळ आठ वर्षे टिकले. विकिपीडियाच्या गोलावरची चुकलेली वेलांटीही जवळजवळ तेवढीच टिकली होती. ती आता व्यंजनाच्या डावीकडे, आपल्या जागी आहे.